पाहुण्याचा पास

नवीन पनवेलच्या स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर रो-हाउसांची एक गल्ली आहे. दोन्ही बाजूंना बदामाची झाडं, म्हणून तिचा सेक्टर-प्लॉटचा पत्ता काही असला तरी रिक्षावाले तिला बदामाची गल्लीच म्हणतात. स्टेशन जवळ असणं हे एकेकाळी या गल्लीचं भाग्य होतं. पुढे तेच तिच्या मुळावर आलं. पेण, खोपोली, करंजाडे, कुठकुठची माणसं सकाळी आपली गाडी इथे आणून लावायची आणि रेल्वेने कामाला निघून जायची ती संध्याकाळीच उगवायची. दिवसभर त्या गाड्या लोकांच्या फाटकांना चिकटून उभ्या. सिलिंडरवाला गल्लीच्या तोंडाशीच गाडी थांबवून हाका मारायचा. गल्लीतलीच आभा वकील होती. एकदा एका जीपने तिची गाडी अशी कोंडली, की ती कोर्टात पोहोचेपर्यंत तिचं प्रकरण पुकारून झालं होतं. त्या दिवशी संध्याकाळी ती विनायकराव चौबळांच्या घरी आली आणि म्हणाली, आता हे आपणच मनावर घ्यायला हवं.

विनायकरावांना मनावर घ्यायला फार सांगावं लागलं नाही. आयुष्यभर त्यांनी न्हावाशेव्याच्या बंदरावर कंटेनर तपासले होते. कागदावर लिहिलेलं आणि पेटीत भरलेलं सारखंच असेल असं गृहीत धरायचं नाही, ही त्यांची नोकरी होती, आणि निवृत्तीनंतरही ती सुटली नव्हती. दूधवाल्याच्या मापावर त्यांचा विश्वास नव्हता, पेपरातल्या हवामानावर नव्हता, आणि नातेवाइकांवर तर मुळीच नव्हता. त्यांची बायको वसुंधरा म्हणायची, यांना पाहुणा आला की हे आधी विचारतात कशाला आला, आणि मग म्हणतात बस.

महापालिका काही गल्ल्यांमध्ये रहिवाशांसाठी परवान्याचं पार्किंग करून बघणार होती. आभाने अर्ज लिहिला, विनायकरावांनी घरोघरी जाऊन सह्या गोळा केल्या. आणि तेव्हाच त्यांना कळलं, की संशय ही काही त्यांच्या एकट्याची मालमत्ता नाही. कुणाला वाटलं, आज फुकट देतील आणि उद्या बिल लावतील. कुणाला वाटलं, यामागे एखादा बिल्डर आहे. एकाने तर सरळ विचारलं, "तुम्हाला यातून काय मिळणार, काका?" विनायकरावांना त्याचा राग आला नाही. त्यांनी स्वतः हेच विचारलं असतं.

सगळ्यात उशिरा सही दिली ती केतन म्हात्रेने. गल्लीच्या टोकाला म्हात्र्यांचं कौलारू घर होतं. हा सेक्टर वसण्याच्या आधीपासूनचं. केतनचा भाड्याच्या गाड्यांचा धंदा होता, लग्नाला, शिर्डीला, विमानतळावर गाड्या जायच्या. चार गाड्या त्याच्या स्वतःच्या, आणि इतरांच्याही येऊन-जाऊन असत. परवाने दर घराला दोन गाड्यांपुरतेच मिळणार होते, म्हणजे त्याच्या दोन गाड्या बाहेर जाणार हे उघड होतं. तो बराच वेळ अर्ज हातात धरून उभा राहिला, आणि मग म्हणाला की गल्लीचं भलं होत असेल तर करतो. विनायकरावांनी घरी आल्यावर वसुंधरेला सांगितलं, की पोराने न भांडता सही केली म्हणजे त्याच्या डोक्यात काहीतरी आहे.

पावसाळा संपता संपता पिवळ्या पाट्या लागल्या, रस्त्यावर पांढऱ्या रेघा मारल्या गेल्या. प्रत्येक घराच्या गाडीला काचेवर लावायचं स्टिकर मिळालं, आणि पाहुण्यांसाठी पिवळ्या पुठ्ठ्याचे दोन पास. पासवर घराचा नंबर ठळक लिहिलेला. पाहुणा आला की त्याने तो पास काचेमागे दिसेल असा ठेवायचा. बाकी कुणाची गाडी दिवसा उभी दिसली, तर वाहतूक पोलिसांना फोन करायचा. ते येऊन चाकाला जॅमर लावणार. फोन करण्याची जबाबदारी विनायकरावांनी आपणहून घेतली. चौबळांच्या घरचे दोन्ही पास मात्र वसुंधरेकडे राहिले, कारण त्यांच्याकडे येणारे पाहुणे सगळे तिचेच असत.

पहिल्या काही आठवड्यांत गल्लीचं रूप पालटलं. फाटकं उघडू लागली. लोक विनायकरावांना थांबवून धन्यवाद देऊ लागले. सकाळ-संध्याकाळ ते हातात काठी घेऊन गल्लीभर एक फेरी मारत, काचांमागे वाकून बघत, आणि समाधानाने घरी येऊन चहा घेत.

मग त्यांच्या नजरेस ती करड्या रंगाची गाडी पडली.

ती गल्लीतल्या एका मोकळ्या भूखंडाच्या कुंपणाशी, सावलीत उभी असायची. गाडी छोटी, जुनी, पण निगुतीने ठेवलेली. पुढच्या काचेला आतून चंदेरी पडदा लावलेला असे, उन्हासाठी लावतात तसा, आणि त्याच्या खालून पिवळ्या पासाचा एक कोपरा तेवढा डोकावायचा. पास होता, पण नंबर दिसत नव्हता. विनायकराव पुढून वाकले, बाजूने वाकले, हाताचा आडोसा करून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. गाडी मंगळवारी दिसली, शुक्रवारी दिसली, पुढच्या मंगळवारी पुन्हा दिसली. ती येताना त्यांनी कधी पाहिली नव्हती. मंगळवारी सकाळी ते जुन्या पनवेलात वाचनालयात जात, शुक्रवारी उरण नाक्याला मासळीला. परत येईपर्यंत गाडी येऊन उभी असे. दुपारी जेवून ते आडवे होत, आणि उठून पाहावं तर जागा रिकामी.

हा कुणाचा पाहुणा, जो ठरल्या वारी येतो आणि कुणाला दिसत नाही? विनायकरावांच्या मते याचं उत्तर एकच होतं. कुणीतरी आपला पास स्टेशनवर जाणाऱ्या माणसाला वापरायला दिला होता. आणि असं करणारा कोण, याबद्दलही त्यांना फारशी शंका नव्हती. केतनच्या घरासमोर रोज नवी गाडी दिसे. पास देऊन ओळखी जपणं हे धंदेवाल्याला सोयीचंच. त्यांनी तीन-चार जणांना विचारलं, की तुम्हाला काय वाटतं. विचारताना केतनचं नाव त्यांनी घेतलं नाही, पण म्हात्र्यांच्या घराकडे मान तेवढी वळवली. तेवढं पुरलं. लोक म्हणाले, हो, आम्हालाही तसंच वाटलं होतं.

वसुंधरेजवळ त्यांनी हा विषय काढला तेव्हा ती डाळ निवडत होती. तिने वर पाहिलं नाही. म्हणाली, "असेल कुणाचा तरी पाहुणा. सोडा ना." विनायकराव म्हणाले, सोडायचं असतं तर पाट्या कशाला लावल्या?

रविवारी आभाच्या अंगणात गल्लीची बैठक होती. कचऱ्याची गाडी, रस्त्यावरचे दिवे वगैरे बोलून झालं, आणि विनायकराव उभे राहिले. त्यांनी करड्या गाडीची हकिगत सांगितली. आभाने विचारलं, की काका, कुणाचा पास आहे हे कळलंय का? तिथेच त्यांनी थांबायला हवं होतं. पण सगळे ऐकत होते, आणि ऐकणाऱ्या माणसांची विनायकरावांना जरा भुरळ पडे. ते म्हणाले की कळायला काय हवंय, गल्लीत गाड्यांचा धंदा एकाच घराचा आहे.

केतन मागे जिन्याच्या कठड्याला टेकून उभा होता. त्याचा चेहरा लाल झाला. तो आवाज न चढवता म्हणाला, "काका, माझे दोन्ही पास घरी टेबलावर आहेत. येऊन बघा." विनायकराव म्हणाले, आज असतील. कुणीतरी हसलं. केतन कठड्यापासून सरळ झाला, फाटक उघडून निघून गेला, आणि थोड्या वेळाने परत येऊन त्याने आपले पिवळे पास आणि गाड्यांची स्टिकरं, खरवडून काढलेली, चुरगळलेली, आभाच्या हातात ठेवली. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या चारही गाड्या कळंबोलीच्या बाजूला, हमरस्त्याच्या कडेला ट्रकांमध्ये उभ्या राहू लागल्या. ड्रायव्हर रोज तिकडून पायी येत.

सोमवारी केतनची आई हौसा चौबळांच्या दाराशी आली. विनायकराव आतल्या खोलीत होते. तिने त्यांना बोलावू नका म्हणून सांगितलं. वसुंधरेला म्हणाली, "बाय, तुमचा मानूस माझ्या पोराला चोर बोलला. ही गल्ली आमच्या भाताच्या शेतावर हाय. गाव नाय, सेक्टर बोलले तवा आमी सही दिली. आता गाडी लावायचा बी पास काढला. त्याला बी सही दिली. आजून काय सही पायजे तं सांगा." वसुंधरेने तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

विनायकरावांनी आतून सगळं ऐकलं. त्यांना ओशाळल्यासारखं झालं, पण ते जाणवताच त्यांनी स्वतःला समजावलं, की आई आहे, बोलणारच. फक्त एक गोष्ट त्यांच्या मनात राहिली. हौसा गेल्यावर वसुंधरा दार लावून कितीतरी वेळ तिथेच उभी होती. तिने डोळे पुसले, असंही त्यांना वाटलं. शेजारणीच्या बोलण्याने रडणारी बाई ती नव्हे.

त्या रात्री जेवताना त्यांच्या लक्षात आलं, की शुक्रवारच्या मासळीचा आग्रह हल्ली वसुंधराच धरते. मंगळवारी वाचनालयाची पिशवी तीच आधीपासून दाराशी काढून ठेवते. गेल्या मंगळवारी त्यांना सर्दी होती तरी तिने म्हटलं होतं, जाऊन या, बरं वाटेल. घासाबरोबर ही शंका त्यांनी गिळली, पण ती खाली उतरेना.

मंगळवारी ते पिशवी घेऊन निघाले आणि नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर बसून राहिले. तासाभराने परत येऊन पाहतात तो करडी गाडी कुंपणाशी उभी, पडदा लावलेला, पिवळा कोपरा डोकावणारा. या वेळी त्यांनी घरात पाऊलही न टाकता वाहतूक शाखेला फोन लावला. पासचा नंबर दिसत नाही म्हणजे नियमाने पास नाहीच, हे त्यांनी फोनवर दोनदा सांगितलं. हवालदार मोटरसायकलवर आला, पुढच्या चाकाला पिवळा जॅमर अडकवला, काचेवर कागद चिकटवला आणि पुढच्या कामाला निघून गेला. विनायकराव दुपार होईपर्यंत समोरच्या बदामाखाली काठी टेकून उभे राहिले. आज तो माणूस कोण आहे ते बघायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं.

फाटकाची कडी वाजली. वसुंधरा बाहेर आली होती. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग गाडीच्या चाकाकडे, आणि तिचा हात आपोआप तोंडाशी गेला.

"कुणी लावलं हे?"

"मी लावायला लावलं."

"काढायला सांगा. पास आपला आहे."

विनायकरावांना आधी काही सुचलंच नाही. मग एकदम फार काही सुचलं, आणि त्यातलं एकही बोलण्यासारखं नव्हतं. इतकी वर्षं संसार केलेली बायको आठवड्यातून दोनदा आपल्याला बाहेर पाठवते, आणि एक गाडी आपल्या घरचा पास घेऊन येऊन उभी राहते. त्यांनी विचारलं, की कोण आहे. वसुंधरा म्हणाली, "इथेच उभे राहा. आता येतील. मी सांगण्यापेक्षा बघितलेलं बरं. नाहीतरी माझं सांगणं तुम्ही तपासूनच घेणार."

ते दोघं बरंच अंतर ठेवून उभे राहिले. मागच्या रस्त्यावरून, जिथे छोटं रुग्णालय आहे तिकडून, एक तरुण मुलगी एका माणसाला धरून हळूहळू येताना दिसली. माणूस वाकलेला होता. शर्टाची एक बाही वर दुमडलेली, कोपराजवळ पट्टी. चालताना तो प्रत्येक झाडाशी थांबत होता. तो गाडीजवळ पोहोचला, तरी विनायकरावांनी त्याला ओळखलं नाही. ओळखलं ते त्याने जॅमरकडे पाहून डोकं खाजवलं तेव्हा. त्यांचे वडील असंच डोकं खाजवत.

तो सत्यजीत होता, त्यांचा धाकटा भाऊ.

आई गेली ती सत्यजीतच्या कळंबोलीच्या घरी. विनायकरावांना निरोप पोहोचला तेव्हा ते बंदरावर होते, आणि ते पोहोचले तेव्हा अंत्यविधी होऊन गेला होता. फोन लागत नव्हता, असं सत्यजीत म्हणाला. दहाव्याला, सगळ्या नातेवाइकांसमोर, विनायकराव म्हणाले होते की फोन लागत नव्हता की लावला नव्हता. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोललेच नव्हते. सत्यजीतची मुलगी रेवा तेव्हा शाळेत होती.

सत्यजीतने मान वर करून पाहिलं. त्याला भाऊ दिसला. तो घाबरल्यासारखा झाला आणि म्हणाला, "दादा, गाडी चुकीच्या जागी लावली का आम्ही?"

त्याला धरून उभी असलेली रेवा पुढे झाली आणि एका दमात बोलून मोकळी झाली. बाबांच्या मूत्रपिंडाचं काम थांबत आलंय, आठवड्यातून दोनदा डायलिसिस करावं लागतं, कळंबोलीच्या जवळ त्यासाठी जागा मिळाली नाही म्हणून इथे यावं लागतं. रुग्णालयाबाहेर गाडी लावायला जागा नाही. आधी ती लांब पुलाखाली लावून यायची, पण परत जाताना बाबांना तेवढं चालवत नव्हतं. एकदा ते रस्त्यातच बसले, आणि नेमकी तिथून काकू जात होती. त्या दिवसापासून काकूने पास दिला. पडदा बाबांसाठी आहे, गाडी तापली की त्यांना सहन होत नाही. पास त्याच्या खाली सरकतो हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

विनायकरावांनी खिशातून फोन काढून हवालदाराला लावला. तो दूर करंजाडेला पोहोचला होता, यायला वेळ लागेल म्हणाला. उन्हात सत्यजीत गाडीच्या बॉनेटला टेकून उभा होता, आणि त्याचे पाय थरथरताना दिसत होते.

"आत चल," विनायकराव म्हणाले. आवाज हवा होता त्यापेक्षा कोरडा निघाला.

सत्यजीतने वसुंधरेकडे पाहिलं, तिने मान हलवली, तेव्हा तो फाटकातून आत आला. वसुंधरेने चहा टाकला. सत्यजीतला अर्धाच कप दिला. त्याला पाणी मोजून प्यावं लागतं हे तिला माहीत होतं आणि आपल्याला माहीत नव्हतं, ही गोष्ट विनायकरावांना त्या जॅमरपेक्षाही जास्त लागली. सोफ्यावर बसलेला भाऊ घराकडे बघत होता, रंग बदलला वाटतं म्हणाला. विनायकराव म्हणाले, हो, दोन वेळा. त्यांच्या जिभेवर तो जुना प्रश्न आला होता, त्या दिवशी फोन खरंच लागत नव्हता का. पण समोरच्या माणसाच्या हातावरची पट्टी बघून तो विचारण्यात अर्थ वाटेना. शेवटी सत्यजीतच म्हणाला, "त्या दिवशी मी बाहेर जाऊन तुला फोन लावायला हवा होता, दादा. मी आईपाशीच बसून राहिलो." विनायकरावांनी मान हलवली. हे खरं की खोटं, हे त्यांना पहिल्यांदाच ठरवावंसं वाटलं नाही.

हवालदार आला, दंड भरला, जॅमर निघाला. गाडी गेल्यावर विनायकरावांनी बायकोला विचारलं की मला का नाही सांगितलंस. ती कपबश्या उचलत म्हणाली, "सांगणारच होते. पण तुम्ही म्हणाला असता, तो मुद्दाम याच रुग्णालयात येतो. म्हणाला असता की नाही, सांगा." विनायकरावांनी विचार केला, आणि म्हणालो असतो, हे त्यांना कबूल करावं लागलं. मग ती म्हणाली, "केतनच्या वेळेला मात्र मी बोलायला हवं होतं. ते माझं चुकलं. बैठकीत मी तिथेच बसले होते."

त्याच संध्याकाळी दोघंही म्हात्र्यांकडे गेले. कळंबोलीहून धुवायला आणलेली एक गाडी केतन अंगणात धूत होता. विनायकरावांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, काहीही न लपवता, आणि माफी मागितली. हौसाने ओटीवर बसायला जागा दिली, पाणी आणून दिलं. केतनने पाण्याचा पाईप बंद केला आणि शांतपणे म्हणाला, की काका, तुम्ही बोललात चारचौघांत, आणि माफी मागताय माझ्या अंगणात. विनायकरावांना ते पटलं.

पुढच्या रविवारी आभाच्या अंगणात ते पुन्हा उभे राहिले. पास माझ्याच घरचा होता, भाऊ माझाच होता, आणि केतनवर मी खोटा आळ घेतला, एवढं त्यांनी सांगितलं. फोन करण्याचं काम दुसऱ्या कुणी घ्यावं, असंही म्हणाले. मग आभाने सुचवलं, की मागच्या रुग्णालयात येणाऱ्यांसाठी कुंपणाजवळच्या दोन जागा राखून ठेवायला महापालिकेला लिहूया, आणि ज्यांच्या घरी धंद्याच्या गाड्या असतील त्यांनाही जास्तीचे परवाने मागूया. बहुतेकांनी हात वर केले.

बैठक उठली तेव्हा विनायकराव चपला घालत होते, आणि जिन्याखाली दोघांचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं. एक जण म्हणत होता, की म्हातारा हुशार आहे, भावाच्या गाडीची सोय करायलाच ही सगळी परवान्याची भानगड उभी केली असणार. दुसरा म्हणाला, मला तर सुरुवातीपासूनच वाटत होतं.

विनायकराव एक चप्पल घालून थांबले. वळून सांगावं, की अर्ज दिला तेव्हा मला भावाचा आजारही माहीत नव्हता, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. पण कुणी ऐकून घेणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. ते स्वतः त्या दोघांच्या जागी असते तर त्यांनीही ऐकून घेतलं नसतं. त्यांनी दुसरी चप्पल घातली आणि घरी गेले.

केतनने नवी स्टिकरं घेतली ती दिवाळीनंतर, आणि तीही आभाच्या हातून. विनायकराव समोर आले की तो मान हलवतो, बोलत नाही. हौसा मात्र वसुंधरेकडे येऊन बसते.

मंगळवारी आता विनायकराव वाचनालयात दुपारनंतर जातात. सकाळी रेवा गाडी लावते, तिथूनच आपल्या ऑफिसला निघते आणि संध्याकाळी वडिलांना न्यायला येते. सत्यजीतला धरून रुग्णालयापर्यंत न्यायचं आणि परत आणायचं काम विनायकरावांकडे आलंय. वाटेत दोघं फारसं बोलत नाहीत. सत्यजीत झाडाशी थांबला की विनायकरावही थांबतात आणि त्याला पुन्हा दम येईपर्यंत रस्त्याकडे बघत उभे राहतात.